व्याह्यांची गळाभेट

भंडारा, २३ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी नळाचे पाणी भरले. दुपारी आईला घेऊन सिनेमाला गेलो. आता दिवेलागण झाली आहे.

तीर्थस्वरूप चंद्रकुमार मामांस प्रविणचा नमस्कार. करडी गावी तुमचे धान चुरून, मळून झाले असेल, मामींचा गुडघा आता बरा असेल. आम्ही ठीक आहोत. फोनवर मला बोलणे सुचत नाही, म्हणून पत्र.

बाबा गेल्यापासून सहा महिने आई कुठे गेली नव्हती, म्हणून मेघाने आम्हा दोघांची तिकिटे काढली. सिनेमा मोठ्या शहरातला. त्यातला सत्तावीस वर्षांचा मुलगा दुपारपर्यंत झोपतो, जेवलेले ताट तिथेच सोडतो आणि मोठे व्हायचे नाव घेत नाही. (माझ्या बहिणीने हाच सिनेमा का निवडला, हे मला आत शिरायच्या आधीच कळायला हवे होते.) आईने थोडा वेळ पडद्याकडे पाहिले. मग घरच्यासारख्या आवाजात म्हणाली, "याले कोनी उठवत काहून नाही?" लोक हसले. त्याने ताट सोडले तेव्हा तिने सगळ्यांना सांगितले, की आमच्या घरीही असाच एक आहे. शेवटी तो सुधारतो आणि गॅसचे सिलिंडर खांद्यावर घेऊन चार माळे चढतो. बाया डोळे पुसत होत्या. आई म्हणाली, "आमचं तं मेघाच आनते." सगळी रांग हसली, आईही हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, म्हणून मी काही मनाला लावून घेतले नाही.

दिवे लागले तेव्हा पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ वळले. ते कोंढ्याचे केवळरामजी, मेघाचे होणारे सासरे. (साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे कपडे घ्यायला आले होते.) त्यांनी नमस्कार केला आणि हळूच विचारले, "प्रविणबाबू, साक्षगंधात माझी गळाभेट कोनासंगं?" टिळा लावून व्याह्याला मिठी मारायची ती मुलीच्या बापाने, आणि आमची ती जागा रिकामी. मी म्हणालो, मामांसोबत. आई माझ्याकडे न पाहता बाहेर निघाली.

आपला,
प्रविण

ता. क. तेव्हा सात डिसेंबरला साक्षगंधात बाबांच्या जागी तुम्हीच बसावे. पत्र त्यासाठीच लिहिले, सिनेमाचे असेच.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच आईने बाबांची टोपी आणून माझ्यापुढे ठेवली. घालून पाहिली, कानांवर उतरते. आतून टाका घालून घेईन. मामा, तुम्ही याच, पण पाटावर मी बसतो. तुम्ही फक्त माझ्या मागे उभे राहा, केवळरामजी वजनदार आहेत. आई आणि मेघा शेजारी आनंदाबाईंकडे गेल्या आहेत. माझे दुपारचे ताट अजून तिथेच आहे. ते घासून ठेवतो.