रिळावरचे दात

३ फेब्रुवारी, सोमवार

हो म्हणून बसलो! नातीच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंचा फोन होता. नववीच्या मुलांना तुमच्या घरच्यांवर गुदरलेलं सांगाल का, म्हणाल्या. तोंडून हो निघून गेलं. मी चौथीपर्यंत शिकलेला शिंपी. तिथे काय दिवे लावणार? आणि मध्येच लघवीला लागली तर?

नात म्हणते, "आजोबा, घरी सांगता तसंच सांगा." घरी माझं ऐकतंय कोण!

४ फेब्रुवारी

बाईंनी त्यासाठी एक शब्द सांगितला — नरसंहार. आई नुसतं 'त्या वेळी' म्हणायची. आरशासमोर म्हणून पाहिला. जिभेला जड जातो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झालं एकदाचं. झालं कसलं — बिघडलं.

सुरुवात बरी होती. आमच्या लोकांना घराघरांतून ओढून मारत होते, ते सांगितलं. बाबांचं शिवणकामाचं दुकान, वर पोटमाळा. शेजारच्या काचवाल्याने आम्हाला वर चढवलं आणि बाहेरून स्वतःचं कुलूप लावलं, म्हणजे दुकान ओस वाटावं. बाबा मागच्या खिडकीतून पाणी आणायला उतरले, ते परत आलेच नाहीत. वर आई, सात वर्षांची ताई, आणि वर्षाचा मी. मला दात येत होते. मी किरकिर करायचो, आणि खाली रस्त्यावर ती माणसं फिरत होती. माझ्यापायी सगळे मरायचे. शेवटी आईने बाबांचं लाकडी रीळ माझ्या तोंडात आडवं कोंबलं. माझं घरातलं नाव किरकिऱ्या ते त्यामुळे. मुलं हसली. मीही हसलो.

मग ते रीळ हातोहात फिरवायला दिलं. कधी कुणाच्या हाती देत नाही. पाडतील म्हणून सारखा जीव वरखाली! पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीकडे आलं तशी ती थांबली. उलटसुलट करून बघत राहिली.

"आजोबा, माझा भाऊ वर्षाचा आहे. त्याला पुढचे चारच दात आहेत. इथे तर दोन्ही टोकांना दाढांच्या खुणा आहेत."

रीळ परत घेतलं. चष्मा पुसला. खरंच दाढांच्या. जन्मभर हे रीळ माझ्याजवळ आहे!

मागून एक उंच मुलगा म्हणाला, "माझे काका सांगतात, असं काही झालंच नव्हतं." बाईंनी त्याला गप्प केलं. मी पाणी प्यायलो, तेही शर्टावर सांडलं.

७ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. आई खोटं बोलली का? हे खोटं, तर कुलूप खरं कशावरून? काचवाला खरा कशावरून? एक टाका उसवला की शिवण सगळी सुटते, हे मला कुणी शिकवायला नको. आता तो पोरगा काकांना सांगेल — बघा, म्हातारा थापा मारतो. मेलेली माणसं माझ्यामुळे खोटी पडायची.

ताईला फोन केला. तिच्यासारखं तोंडाला कुलूप कुणाचं नाही. 'त्या वेळचं' तिने स्वतःच्या मुलांनाही सांगितलेलं नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं शाळेत मिरवायला?"

म्हटलं, "ताई, त्या खुणा कुणाच्या?"

"आईने सांगितलं तेच खरं." तिने फोन ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार

बुधवारी दुसऱ्या तुकडीपुढे बोलायचंय. बाईंना कळवलं, ताप आहे. सून शेजारीच उभी होती. म्हणाली, "बाबा, ताप कुठाय? थर्मामीटर आणू?" फोनवर बाईंना ऐकू गेलं! त्या म्हणाल्या, "या तुम्ही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा."

तेवढं चौथीत शिकवलेलं नाही.

११ फेब्रुवारी

सकाळी दारात ताई! पिशवी घेऊन, एकटी, बसने. या वयात! कळवायचं तरी, म्हटलं. "कळवलं असतं तर तू स्टँडवर येऊन धापा टाकत बसला असतास."

चहा घेतला. रीळ मागितलं. पदराने पुसलं, मांडीवर ठेवलं. "उद्या मी येते," म्हणाली. बस्स. मी दिवसभर बाथरूमच्या फेऱ्या मारतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई बोलली. उभं राहून. पहिल्या तुकडीतली मुलंही आली होती; चष्मेवाली पुढे, तो उंच मुलगा मागे भिंतीला टेकून उभा.

ती म्हणाली, "हे दात माझ्या आईचे आहेत."

मी वर्षाचा नव्हतोच. मी तिथे, त्या पोटमाळ्यावर जन्मलो. आईला कळा सुरू झाल्या म्हणून बाबा खिडकीतून उतरले. पाण्याला नाही — सुईणीला आणायला. खाली ती माणसं होती. आईने रीळ दाढांखाली धरलं आणि सगळा आवाज त्यात घातला. ताईने मला कापडाच्या तुकड्यात घेतलं. पुढे कागदावर आईने माझं वय वर्षाने वाढवलं. पोर जन्मलं आणि बाप गेला, पांढऱ्या पायाचं आहे, असं माझ्या आयुष्यात कुणी म्हणू नये म्हणून. ताईकडून शपथ घेतली होती.

चष्मेवालीने विचारलं, "आणि आजोबा? रडले नाहीत?"

"हूं की चूं नाही. नुसता माझ्याकडे बघत होता."

फाटकाशी आल्यावर मी विचारलं, मग मला किरकिऱ्या का म्हणता?

"ते नंतरचं. आम्ही सुटलो, ट्रकमध्ये बसलो, तेव्हा सुरू झालास," ताई म्हणाली. "तो अजून थांबला नाहीस."