तापखोलीतली खडखड

३ एप्रिल १९९७
सिल्वासात पोचलो! सामरवरणीत खोली मिळाली, खिडकीसमोर ताडाची झाडं, वारा छान. घरमालकीण कमळाबाईंनी आल्याआल्या नागलीची भाकरी आणि बोंबलाची चटणी पुढे ठेवली. धुळ्याला आता लवकर परत जात नाही.

५ एप्रिल
गलोंड्याचा कारखाना आवडला. इथे कॉम्प्युटरची पत्र्याची कॅबिनेटं बनतात. बंद कॅबिनेटात मशीन चालवायचं, आत किती तापतं आणि पंखा किती आवाज करतो ते मोजायचं, एवढंच माझं काम. त्यासाठी एक खोली आहे. भिंतींना जाड फोम, दाराला छोटीशी काच, कडी आणि हीटरचं बटण बाहेर. आत कितीही टाळ्या वाजवा, बाहेर ऐकू येत नाही. सुपरवायझर जयवंतसाहेब दिलखुलास माणूस. म्हणाले, धुळ्याचे उन्हाळे काढलेत, तुला ही खोली महाबळेश्वर वाटेल.

११ एप्रिल
मुंबईच्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. तापल्यावर पत्रा खडखडतो. मीटरचा काटा आवाज किती ते सांगतो, कुठून येतो ते सांगत नाही. म्हणून साहेबांनी पॅकिंगमधल्या दुर्गाला आत बसवलं. नंदुरबारकडची बाई, कान तिखट. नाही सोसलं तर वाजवायला आत एक घंटी आहे. तिने सैल पत्रा बरोबर दाखवला. बाहेर आली तेव्हा साडी घामाने अंगाला चिकटलेली. म्हणाली, 'भाऊ, पुढच्या टायमाले दार लवकर उघडजो.' मी हो म्हटलं.

१४ एप्रिल
दुर्गा घंटी फार लवकर वाजवते, टेस्टिंग अर्धवट राहतं. साहेबांनी आज घंटीची वायर कापून टाकली. सगळे हसले. मीही.

१५ एप्रिल
साहेब म्हणाले, बटण शेवटपर्यंत फिरव. फिरवलं. काचेतून दिसत होती. दारावर मुठी आपटत होती, तोंड उघडं. आवाज काहीच नाही. मी कडीला हात लावला. साहेब म्हणाले, नाटकं करते, चल, चहा पिऊन येऊ.
गेलो.

१७ एप्रिल
ऊन लागून गेली, असं सगळ्यांना सांगितलं. तिचा नवरा समाधान आज आला होता. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, म्हणाले, शेवटी हाच होता तिच्याजवळ. त्या माणसाने वाकून माझे पाय धरले.

२१ एप्रिल
खोली रिकामी. मशीन बंद. हीटर बंद. तरी काटा उडतो. थांबतो. पुन्हा उडतो. कोणी मुठी आपटाव्यात तसा.

२२ एप्रिल
जयवंतला दाखवलं. म्हणतो पत्राच वाजतोय, आत बसून शोध. पॅकिंगमधलं कोणी तयार नाही. मी नकार दिला. हसून म्हणाला, बटण कोणाच्या हाताने फिरलं ते पोलिसांना सांगू का—

२३ एप्रिल
आत आहे. वही खिशात होती. कॅबिनेट वाजत नाही. काहीच वाजत नाही. कानात फक्त माझंच रक्त—

हीटर सुरू केलाय. थोडाच, म्हणाला. काचेसमोरून गेला. चहाला.

बटणापाशी कोणीतरी आहे. अंगाला चिकटलेली साडी—
दुर्गा.
फिरवतेय. शेवटपर्यंत.

दुर्गाबाई, मी उघडणार होतो. खरंच उघ—

ओरडतोय. ती काचेला कान लावते. वाट बघते. मान हलवते. तिला काही ऐकू—