राखणदारांचा कोपरा

बाबा, तुमची पहिली बिल्डिंग पाडायचं ठरलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विरोधात एकटा माझा हात वर होता, आणि तोही मी थोड्या वेळाने खाली घेतला. माझ्याच स्वयंपाकघरात स्लॅबचा पोपडा पडून शेगडी फुटली होती, आणि ते साऱ्या बिल्डिंगला माहीत होतं. खाडीची खारी वाळू वापरलीत तुम्ही. तेव्हा सगळेच वापरायचे, हे मी मीटिंगमध्ये तुमच्या वतीने सांगितलंही. पण आतली सळी गंजून फुगली आणि खांब आतूनच फुटत गेले. तपासायला आलेल्या इंजिनीयरने दोनचार ठिकाणी हातोडी मारली आणि नुसतीच मान हलवली. आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर येताना डॉक्टर हलवतो तशी.

तुमच्याआधी बाजारातून वर बघितलं की माड आणि कौलं दिसायची. नंतर दिसलात ते तुम्ही. धंदा उभा राहिला तसे लोक आपणहून यायचे, ओटीवर बसून चहा प्यायचे आणि बापजाद्यांची जागा तुमच्या हवाली करून जायचे. प्रत्येक जागेला ती सांभाळणारा अदृश्य राखणदार असतो, यावर तुमचा विश्वास सिमेंटपेक्षा जास्त होता. या पहिल्या जागेत विहिरीकडे सुरंगीच्या झाडाखाली त्याचा दगड होता. जुना मालक वर्षाला कोंबडा आणि नारळ देऊन त्याची राखण चुकती करायचा. तुम्ही त्या दगडासाठी बिल्डिंगचा अख्खा कोपरा सोडलात. लोक हसले, 'कोपरो खाल्लेली बिल्डिंग' म्हणाले. तुम्ही ते मिरवलंत.

पुढची जागा अरुंद निघाली. तिथे कोपरा सोडला असता तर जिना बसला नसता. मग तुम्ही गावाच्या वतीने देवांशी बोलणाऱ्या गावकाराला बोलावलंत, गाऱ्हाणं घातलंत, आणि तिथल्या राखणदाराला नव्या पंच्यात गुंडाळून जीपमधून आमच्या विहिरीकडे आणलंत. मी मागच्या सीटवर बसलेय, तो तुमच्या मांडीवर. त्यानंतर ती रीतच पडली. बंदराकडची जागा घेतली, तिथला आला. वायरी गावातली घेतली, तिथला आला. मालवणातले राखणदार एकेक करून आमच्या कोपऱ्यात येऊन बसत गेले. शाळेतून येऊन एकदा मी त्यातल्याच एका दगडावर टेकून जांभळं खात होते, तेव्हा जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर ओरडलात. "ऊठ गो थंयसून. तो वायरीचो आसा, आधीच रागावलेलो." मी रडत रडत विचारलं, एवढे सगळे एका जागी भांडत नसतील का? तुम्ही म्हणालात, "माणसांका फ्लॅट देतंय, ती भांडतत काय?" भांडत होती, बाबा. पार्किंगवरून रोज भांडत होती. पण तुम्ही हसलात, मग मीही हसले, आणि संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी बाजारातून गुळाचं खाजं आणलंत.

तुम्ही गेल्यावर राखण मी देत आले. कोंबडा मला झेपत नाही, नुसता नारळ देते. तुमच्या बाकीच्या बिल्डिंगांत कोणाला याचा पत्ताही नाही, कारण तिथे कोणी असतच नाही. समुद्र दिसतो म्हणून घेतलेल्या गॅलऱ्या मे महिन्यात आणि नाताळात उघडतात. एरवी खालच्या मजल्यावर एखादा वॉचमन मोबाईल बघत असतो, आणि विहिरींचं पाणी मचूळ झालंय. मला कधी कधी वाटतं, त्या जागा तुम्ही राखणदार उचललेत त्याच दिवशी रिकाम्या झाल्या. फ्लॅट विकले गेले नंतर. हे आईला एकदा बोलले तर ती म्हणाली, "मेलेल्या माणसाक बोलू नये गो." आता तीही नाही.

नवा बिल्डर सभ्य आहे. विहीर बुजवून तिथे गाड्या लागणार. "मॅडम, टेरेसवर छान मंदिर बांधून देतो, टाइल्स तुमच्या पसंतीच्या." राखणदार जमिनीचा असतो, तो टेरेसवर काय राखणार, हे मी त्याला समजावत बसले नाही. गावकाराकडे गेले. ते आता खाटेवरच असतात. "बाय, दुसरी जागा सांग, मगे गाऱ्हाणा घालतंय. जागाच नाय तर मी तेंका काय सांगू?" मी स्वतः कुडाळला भाड्याच्या दोन खोल्यांत जातेय, दुसऱ्या मजल्यावर. अख्ख्या गावात बिल्डिंगा उभारल्यात तुम्ही, बाबा, आणि एवढ्याशा दगडांना टेकायला तुमच्या नावाची हातभर जमीन नाही.

म्हणून आज सकाळी मीच गाऱ्हाणं घातलं. बाईमाणसाने घालत नाहीत, पण अडवायलाही कोणी नव्हतं, बिऱ्हाडं केव्हाच हलली. नारळ ठेवला. तुम्ही म्हणायचात तसं "बा म्हाराजा" म्हटलं आणि जागेच्या नावाशी येऊन अडले. मग म्हटलं, "माज्या बापाशीकडे जावा. तेंनीच तुमका हय हाडल्यानी." एरवी मागे उभी असलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागे कोणी नव्हतं. मीच म्हटलं.

ते सगळे तुमच्याकडे निघालेत, हे आधी कळवावं म्हणून लिहायला बसले होते. टपालपेटीत टाकण्यासारखं हे पत्र नव्हे, ठाऊक आहे. विहिरीकडे नेऊन जाळणार होते, म्हणजे पोचलं असतं असं मनात होतं. पण नाही जाळत. येऊ देत ते न कळवता. खरं सांगायचं तर आज सकाळी तो नारळ मी भक्तीने ठेवला नाही, तुमच्यावरच्या रागाने ठेवला.