शुक्रवारचं जपान

बाबा, तुम्ही जपानला कधी गेलाच नव्हतात, हे मला काल कळलं. तुम्ही हे जग सोडून बारा वर्षं झाली, आणि माझं डोकं कालपासून सुन्न आहे.

२००९ मध्ये मंदीने अबू धाबीतली कामं धडाधड बंद पडत होती, तेव्हा तुम्ही तिथून गावी फोन करून सांगितलंत, कंपनी वर्षभर ट्रेनिंगला जपानला पाठवतेय. आम्ही वाडीभर मिरवलो. मग दर शुक्रवारी तुम्ही फोनवर एकेक बेट उलगडायचात. चार मोठी, बाकी हजारो चिमुकली. वरच्या होक्काइडोत माणूसभर बर्फ, मधल्या होन्शूत राजधानी, खाली शिकोकू आणि क्यूशू. जिकडेतिकडे डोंगर, सपाट जमीन थोडकी, म्हणून भाताची खाचरं थेट घरांना टेकलेली. भूकंप झाला की पोरं न रडता बाकाखाली शिरतात. मी हे वर्गात सांगायचे, तर भूगोलाच्या बाईही ऐकत बसायच्या. परत आलात ते गॅस बंद केला की शेगडीकडे बोट रोखून मोठ्याने ‘बंद’ म्हणायची सवय घेऊन. आई हसायची, मला तो जपानचा पुरावा वाटायचा.

काल इथे अबू धाबीत, अल रीम बेटावरच्या आमच्या फ्लॅटवर एसी दुरुस्तीला एक वयस्क मेकॅनिक आले, आपल्याच रत्नागिरीकडचे. त्यांनी मेन स्विच पाडला, त्याच्याकडे बोट रोखलं आणि म्हणाले, ‘बंद’. मी गमतीने विचारलं, तुम्हीही जपानला होतात का? नाही म्हणाले, इथल्याच मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये एका जपानी इंजिनिअरने सगळ्यांना ही सवय लावली होती. मी भिंतीवरचा तुमचा फोटो दाखवला. ते बघतच राहिले.

“हे आमच्याच रूमवर होते, ताई. वर्कशॉप खलास झालं, मग वर्षभर सिमेंटच्या गोणी उचलल्या. तो इंजिनिअर जाताना जपानचं चित्रांचं पुस्तक देऊन गेला होता. शुक्रवारी घरी फोन करायच्या आधी तेच वाचत बसायचे.”

मी चाट पडले. आधी तुमचा भयंकर राग आला. मी स्वेटर घाला म्हणायचे, आणि तुम्ही मुसफ्फाच्या उन्हात उभे राहून ‘घातलाय गं’ म्हणायचात. इतकं सरळ खोटं! मग त्या गोणी डोळ्यांपुढे आल्या.

उद्या माझी लेक शाळेत जपानवर बोलणार आहे. मघाशी विचारत होती, “आजोबा लिव्ह्ड देअर, राइट? विच आयलंड डिड ही लाइक बेस्ट?” खरं सांगायलाच मी तोंड उघडलं होतं.

“शिकोकू,” मी म्हटलं. “तिथली माणसं त्यांना फार आवडली.”

हे तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं, बाबा.