बाराचा पाढा आणि शाळेतले गोड

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
तालीम (शिक्षण) खाते, जिल्हा परभणी

अर्जदार : शेख अन्सार वल्द शेख चाँद, मुख्य शिक्षक, प्राथमिक शाळा, मौजे बोरखडी, आखाडा बाळापूरजवळ, तालुका कळमनुरी

विषय : पाढा पाठ झाल्याबद्दल शाळेत रोज गोड वाटण्याच्या चालीस हुकमाने आळा घालणे व त्यासाठी आपण स्वतः एक पाढा ऐकण्यास येणेबाबत.

संदर्भ : मागील तपासणीच्या वेळी आपण मारलेला शेरा, "गणित उत्तम, मुले मात्र सुस्त का?"

महोदय,

१. आपल्या शेऱ्याचे उत्तर देण्यास दोन महिने लागले, याची माफी असावी. उत्तर मला त्याच दिवशी ठाऊक होते. ते लिहिण्याचे धैर्य होत नव्हते, कारण दोष माझा आहे.

२. एकोणीस वर्षांपूर्वी मी येथे रुजू झालो तेव्हा शाळेत नऊ मुले होती, तीही पाऊस असला तरच येत. मी गावात सांगितले की ज्या लेकराचे बारापर्यंतचे पाढे पाठ होतील, त्याने साऱ्या शाळेसमोर बाराचा पाढा म्हणावा आणि घरच्यांनी त्या दिवशी शाळेत गोड वाटावे. पुढच्या प्रत्येक पाढ्यालाही तसेच करावे. लोकांना ही गोष्ट फार आवडली. आज पटावर चौसष्ट मुले आहेत. चौसष्ट मुले आणि तिसापर्यंतचे पाढे यांचा हिशोब साहेबांना करून सांगण्याची गरज नाही.

३. मागील महिन्यात शाळा सव्वीस दिवस भरली. त्यांपैकी बावीस दिवस गोड वाटले गेले. उरलेल्या चारांपैकी दोन दिवस मी रजेवर होतो आणि दोन दिवस मुलांची पोटे दुखत होती. जिलेबी, बत्तासे, रेवड्या, गुळाची लापशी, जे ज्याच्या घरी होते ते येते. मधल्या सुट्टीत घरची भाकरी कोणी खात नाही. ती शाळेच्या पायरीवरल्या कुत्रीला मिळते. ती कुत्री आता इतकी गुबगुबीत झाली आहे की अनोळखी माणूस आला तरी उठत नाही, फक्त एक डोळा उघडते. दुपारी दोननंतर वर्गाचीही तीच अवस्था असते.

४. गणिताच्या तासाला मी मुलांना एकमेकांच्या किडलेल्या दाढा मोजायला लावल्या. एकशे सदतीस भरल्या. बेरीज बिनचूक होती. मला समाधान वाटले आणि लाजही वाटली.

५. चाल आवरण्याचे मी केलेले प्रयत्न नम्रपणे कळवतो. प्रथम मी सांगितले की गोडाऐवजी फुटाणे आणावेत. दुसऱ्या दिवशी फुटाणे आले, पण गुळाच्या पाकात घोळून. मग सांगितले की बोरे आणा. बोरांवर साखर भुरभुरलेली होती. विचारले तर एका मुलाच्या आई अमिनाबी म्हणाल्या, "मास्तर, आंबट बोरं दिली तर लोक म्हनतील, पोराच्या पाढ्याची खुशीच न्हाई घरात." तिसावर पाढे नाहीत म्हणून चाल आपोआप थांबेल, अशी माझी आशा होती. मोठ्या मुलांनी कुठून तरी शोधून काढले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेही असतात. त्यांतले एक-दोन मला स्वतःला आदल्या संध्याकाळी पाहून यावे लागले. साहेबांनी गणित उत्तम असे लिहिले, त्यामागचे कारण हे असे आहे.

६. शेवटी चावडीवर सभा बोलावली. गावात मिठाईचे दुकान खाजा मिया यांचे आहे. त्यांचा विरोध होईल असे वाटले होते. तेच सर्वांत आधी उठले आणि म्हणाले, "दुकानाचं मी बघून घेईन. माझी पोर मलिका आठ रोजापासून भाकर खाऊन न्हाई राहिली. तिला तेवढी खायला लावा, मास्तर." बंजारा तांड्याचे नायक रतनसिंग यांनीही रुकार दिला. एकमताने ठराव झाला की महिन्यातून एकदाच गोड वाटावे. इतका चांगला ठराव झाला म्हणून नायकांना आनंद झाला आणि त्यांनी तिथल्या तिथे सर्वांना पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

७. परंतु सभा उठण्यापूर्वी जिवनबाई उभ्या राहिल्या, आणि या अर्जाचे खरे कारण त्या आहेत. त्यांची नात पारू, वय नऊ वर्षे, ही तांड्यातून शाळेत आलेली पहिली मुलगी आहे. घरी गोरमाटी बोलतात, त्यामुळे मराठी आकडे तिला आमच्यासारखे ऐकून आलेले नाहीत. एकेक उचलून आणावा लागला. दीड वर्षात ती अकरापर्यंत पोहोचली. तिच्या नावाचे गोड अजून एकदाही वाटलेले नाही. त्या दिवशीच्या लापशीचा गूळ जिवनबाईंनी गाडग्यात तोंड बांधून ठेवला आहे. त्या म्हणाल्या, "समद्यांच्या लेकरांनी खाल्लं, अन् आमच्या पोरीची बारी आली तवा कायदा निघाला व्हय?" त्यांचे म्हणणे सर्वांना पटले. म्हणून ठरले की पारूचा बाराचा पाढा होऊ द्यावा, आणि दुसऱ्या दिवसापासून नवा नियम लागू करावा.

८. येथे माझी दुसरी चूक झाली. ही गोष्ट मी वर्गात सांगितली.

९. त्या दिवसापासून तिचा पाढा पुरा होऊ न देण्यासाठी सारी शाळा एक झाली आहे. ती म्हणायला उभी राहिली की मागून कोणी बहात्तरऐवजी बासष्ट कुजबुजतो, कोणाला नेमका खोकला येतो, कोणी खिडकीतून ओरडतो, "पारे, तुझं वासरू सुटलं गं!" जमील नावाचा मुलगा तर तिला पायरीवर बसवून समजावत होता, "आज नको म्हनू, उद्या म्हन. आज माझ्या सतराच्या पाढ्याची जिलेबी हाय." दीड वर्ष पारूकडे फारसे कोणी पाहिले नव्हते. आता सारे तिला आपल्याजवळ बसवतात, रेवड्या देतात. मी विचारले, तर म्हणाली, "मास्तर, मला काई घाई न्हाई." जिवनबाई मात्र रोज गाडगे घेऊन येतात आणि रोज तसेच परत नेतात. काल त्या म्हणाल्या, "पोरीला येतच न्हाई, असं सांगून टाका बापा. मी तिला वासरांमागं धाडते." साहेब, मला गोडाची काळजी होती. आता मला या मुलीची काळजी आहे.

१०. तिला पाढा येतो. शाळा सुटल्यावर ती वासरे घेऊन तांड्याकडे जाते तेव्हा मी ओढ्यापर्यंत तिच्यासोबत चालतो. तिने तो मला तीन वेळा पूर्ण म्हणून दाखवला आहे. परंतु साऱ्या शाळेसमोर म्हटल्याशिवाय तो धरला जात नाही, ही चाल मीच पाडली आहे. माझ्या एकट्याच्या साक्षीवर तांडा समाधान मानणार नाही आणि जिवनबाई तर मुळीच मानणार नाहीत.

११. तरी विनंती अशी :

(क) गुरुवार दि. २० जानेवारी रोजी आपण शाळेस भेट द्यावी आणि पारूचा पाढा सर्वांसमोर ऐकावा. आपल्यासमोर कुजबुजण्याची कोणाची छाती होणार नाही.

(ख) त्या दिवशी जिवनबाईंची लापशी वाटून झाल्यावर हुकूम वाचून दाखवावा : गोड महिन्यातून एकदाच, त्या महिन्यातल्या सर्वांचे मिळून; एरवी भाजलेल्या शेंगा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, पेरू, काकडी, बोरे, तीही पाकाशिवाय व साखरेशिवाय. सण व ईद यांस हा हुकूम लागू नसावा. संक्रांत तर तीन दिवसांवर, हुकमाच्या आधीच येते; तिचा तिळगूळ आम्हा सर्वांस माफ असावा.

(ग) मागील खेपेस आपण प्रेमाने पेढ्यांचा पुडा आणला होता. या खेपेस आणू नये. ही विनंती धीर करून लिहिली आहे.

१२. एक गोष्ट हुकमापेक्षाही महत्त्वाची वाटते म्हणून शेवटी लिहितो. पारू आपल्याला पाहून घाबरणार नाही. मारक्या गाईसमोरही ती उभी राहते. फक्त 'बारा साते' म्हटल्यावर ती थांबते. चौऱ्यांशी हा शब्द तिला जड जातो, म्हणून ती श्वास घेते. तो श्वास बराच लांब असतो. ती विसरली असे समजून कृपा करून पुढचा आकडा सांगू नये. थांबावे. तो येतो.

कळावे. आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला, लेकरांचा मास्तर व आपला ताबेदार,

शेख अन्सार
बोरखडी, दि. ११ जानेवारी १९३८

सोबत :
१. किडलेल्या दाढांचा तक्ता, मुलांनी केलेला.
२. चावडीवरील ठराव. खाजा मिया यांची सही, रतनसिंग नायक यांचा अंगठा. जिवनबाईंच्या अंगठ्याची जागा कोरी आहे. तो त्या गुरुवारी देणार आहेत.