पुलापलीकडे आग

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा घाबरलेला नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? (अजून असेल तर आधी बरा होऊ दे, मगच हे पत्र त्यांच्यासमोर उघड.) मी ठीक. चार दिवस झोप नाही, एवढंच.

आमच्या वर्तमानपत्राला साठ वर्षं झाली म्हणून संपादकांनी मला, म्हणजे मथळे लावणाऱ्याला, तळघरात धाडलं. प्रदर्शनासाठी अभिमानाची पानं निवडायची होती. शिंकत शिंकत निवडायला बसलो आणि भलतंच दिसायला लागलं. तुझ्या सासरची माणसं, पुलापलीकडची, पहिल्या पानावर यायची ती फक्त बेड्या घालून. चोर अलीकडचा असला की 'इसम', पलीकडचा असला की मथळ्यातच त्याची जमात. पुरात सात मुलं वाचवणाराही पलीकडचाच, पण त्या दिवशी तो नेमका 'एक धाडसी नागरिक' झाला!

तावातावाने वर गेलो. संपादक म्हणाले, "अहो, ते जुनं. आता कुठे आपण असं लिहितो?" मी गेल्या आठवड्याचा अंक पुढे केला: 'पुलापलीकडच्या तरुणाला अटक'. "हा मथळा कुणाचा?" त्यांनी विचारलं. माझाच, ताई. (मग मी पाणी मागितलं.) माणूस बरा. म्हणाले, रविवारी हेच छापू. तुम्हीच लिहा, स्वतःच्या नावानिशी.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण आता. तुझ्या लग्नाआधी भाऊजींच्या वडिलांचं शिलाईचं दुकान जळालं, तेव्हाचा मथळा: 'पुलापलीकडे आग, शहराला धोका'. दुकान त्यांचं गेलं आणि काळजी आम्हाला शहराची. तो माझा नोकरीतला पहिला मथळा. रविवारी तोही छापणार. बारा वर्षं भाऊजींच्या शेजारी बसून जेवलो, पण हे तोंडातून निघालं नाही. तू सांगशील का?

ता. क. २ : सांगू नकोस. मीच येतो.

ता. क. ३ : घात झाला! आमच्या छायाचित्रकाराने त्या दुकानाचा जुना फोटो मागायला परस्पर भाऊजींना गाठलं. मग त्यांचा मला फोन. "मथळा तुझा, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. बाबा तुमच्या कचेरीत येऊन विचारून गेले होते." मी फोन धरून खुर्चीतून उठून उभा राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "फोटो देतो. फक्त खाली बाबांचं नाव लिही. तेव्हा तुम्ही तेही लिहिलं नव्हतं." मी हो हो म्हणून फोन ठेवला.

ताई, विचारायला जीभ रेटत नाही, पण तुझ्या सासऱ्यांचं नाव काय गं?