दुसऱ्या अंकातले म्हातारबुवा

मँचेस्टर, ३ मार्च १९२६

ती. ॲडाताईस, क्लेमंटचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाबा नाटकाला येणार? चॅपलमधल्या प्रार्थनेखेरीज कुठे न जाणारे आपले बाबा? एरवी मी नाचलो असतो. पण ताई, हे नाटक माझं आहे. तेविसाव्या वर्षापासून मी दुसऱ्यांनी लिहिलेले बटलर, पाद्री आणि बहिरे काका करत आलो. या खेपेला म्हातारा लिहिला मीच आणि करतोही मीच. तो जोडे शिवतो, कारखान्यातल्या बुटांना शिव्या घालतो आणि पाय बघून जावयाची लायकी ठरवतो. आता कळलं ना? घरचा बाप चव्हाट्यावर आणून लोकांना हसवतोय असं त्यांना वाटलं, तर या जन्मी माझं तोंड बघायचे नाहीत. काहीतरी सांगून त्यांना घरीच ठेव ना. खरंच भीती वाटते गं.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो सोमवारच्या खेळानंतरही राहू दे.

तुझा क्लेमंट

कीथली, ९ मार्च

चि. क्लेमंटास अनेक आशीर्वाद.

घरी ठेवायला बाबा काय मांजर आहेत? रविवारचा कोट चढवून दुपारपासून दारात उभे! तू दुसऱ्या अंकात गुडघे धरत आलास, तरी मला विचारताहेत, आपला क्लेमंट कधी येणार म्हणून. लोक हसून लोळत होते आणि बाबा लालबुंद. शेवटी उठून ओरडलेच, की हसता कशाला, माणूस बरोबर बोलतोय. ते तू ऐकलंसच.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, पोराला काम दिलं नाही वाटतं. डोळे भरले होते रे त्यांचे. मला राहवेना, खरं काय ते सांगून टाकलं.  आज सकाळी त्यांनी कागद मागितला. त्यांनी लिहिलेलं सोबत धाडते, मी वाचलेलं नाही.

लोभ ठेवतोस तसं जेवणाकडेही लक्ष ठेव.

तुझी ॲडाताई

चि. क्लेमंटास आशीर्वाद.

ॲडा म्हणते तो म्हातारा तू होतास. आधी पटेना. रात्रभर त्याचं बोलणं आठवत पडलो, तेव्हा पटलं. शनिवारी पुन्हा येतो, ओरडणार नाही.

तुझी आई गेल्यापासून मला वाटायचं, या घरात माझं कोणी ऐकतच नाही. तू तर शब्दन् शब्द ऐकत होतास.

तुझा बाप